येरवड्याची भिंत आणि परदेशचा परवाना

पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' असे कुणी म्हटले, की पूर्वी त्याचे दोनच अर्थ निघत. तो गृहस्थ कायद्याच्या तडाख्यात सापडला असेल तर मध्यवर्ती तुरुंग, आणि डोक्याने फिरला असेल तर वेड्यांचे इस्पितळ. दोन्ही ठिकाणी माणूस आपल्या पायाने जात नाही, त्याला पोचवावे लागते, म्हणून 'पाठवा' हे क्रियापद मोठे चपखल होते. आता त्याच वाटेवर तिसरे ठिकाण आले आहे. लोहगावचा विमानतळ. बंडगार्डनकडून नदी ओलांडली की थोड्याच अंतरात रस्ते फुटतात. एक तुरुंगाकडे जातो, एक विमानतळाकडे, आणि तिसरा सरळ नगरला. रिक्षावाल्याला नुसते 'येरवडा' म्हणून भागत नाही, 'कुठं, जेलला का एअरपोर्टला?' असा प्रश्न येतोच. पेन्शनर माणसाला या वयात असा प्रश्न विचारला गेला, की क्षणभर आपल्या पूर्वायुष्याचा आढावा घ्यावासा वाटतो!

या भागात मी पायी पुष्कळ हिंडलो आहे. फिट्झजेराल्डसाहेबाच्या नावाचा १८६९ सालचा दगडी पूल, टेकडीवरची ठाकरसींची पर्णकुटी, अलीकडे डेक्कन कॉलेजची झाडी, पलीकडे आगाखान पॅलेस, आणि या सगळ्यांच्या मध्ये लांबच लांब पसरलेली ती काळवंडलेली भिंत. भिंतीच्या कडेने चालताना डोक्यावरून विमान गेले, की मनात नेहमी एकच विचार येतो. खाली शेकडो माणसे अशी, की ज्यांना फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. आणि वर शेदीडशे माणसे अशी, की जी उद्या सकाळी दुसऱ्याच देशात चहा पिणार. या दोघांमध्ये फरक कशाचा? पैशाचा, नशिबाचा, कर्माचा, हे तर खरेच. पण त्याखेरीज एका छोट्या, निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचाही आहे. माणसाला देशातून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागते, ही गोष्ट आज आपण इतकी गृहीत धरून चालतो, की ती कधी नव्हती हे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही.

ती खरोखरच नव्हती. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना आडवे आले ते नातेवाईक, शेजारीपाजारी आणि धर्मशास्त्र. सरकार आडवे आले नाही. समुद्र ओलांडल्याने जात जाते की नाही यावर पुण्यात त्या काळी जितकी शाई खर्ची पडली, तितकी स्वराज्यावरसुद्धा पडली नसेल. पण 'तुम्ही जाऊ नका' असे म्हणणारे होते ते शास्त्रीबुवा. गव्हर्नरसाहेबांना त्यात काही कर्तव्य नव्हते. पासपोर्ट नावाचा कागद तेव्हाही मिळे, पण त्यावाचून कुणाचे अडत नसे. १८९७ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. डोंगरी, भायखळा असे करीत त्यांना येरवड्याला आणले. दामोदरपंत चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी याच तुरुंगात फाशी झाली, तेव्हा टिळक आतच होते. आपली गीतेची प्रत त्यांनी चापेकरांना दिली, असे सांगतात. त्या वर्षी येरवड्याच्या भिंतीच्या आत एक फर्लांग हिंडायची ज्याला मुभा नव्हती, त्या माणसाची शिक्षा उद्या संपली असती आणि खिशात तिकिटाचे पैसे असते, तर परवा तो आगबोटीत बसून विलायतेला जाऊ शकला असता. तुरुंग म्हणजे तुरुंग आणि मोकळीक म्हणजे मोकळीक, अशी त्या काळची साधी वाटणी होती. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये लंडनला गेले ते याच मोकळ्या जमान्यात.

ही वाटणी मोडली ती पहिल्या महायुद्धाने. युद्धात हेर नकोत, पळपुटे नकोत, म्हणून जवळजवळ सगळ्याच देशांनी आपापली दारे लावून घेतली आणि दाराशी कारकून बसवला. हिंदुस्थानात १९१७ साली भारतसंरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले. युद्ध संपले, सैनिक घरी गेले. कारकून मात्र उठला नाही. सरकारच्या खुर्चीचा हा गुणच आहे.

आता गंमत पाहा. हे नियम हेरांसाठी केले होते ना? वर्षभराच्या आत त्यांचा पहिला नामांकित बळी पुण्याचा निघाला. १९१८ च्या वसंतात होमरूलचे गाऱ्हाणे थेट विलायतेच्या जनतेपुढे मांडावे म्हणून टिळक, न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल असे शिष्टमंडळ निघाले. पाणबुड्यांच्या भीतीने आफ्रिकेला वळसा घालून जायचे ठरले होते, म्हणून ही मंडळी मद्रासवरून कोलंबोला गेली. हातात रीतसर पासपोर्ट होते. कोलंबोला त्यांना कळले, की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने ते रद्द केले आहेत! हे नुसते 'नाही' नव्हते. आधी 'हो' म्हणून माणसाला अर्ध्या वाटेवर जाऊ द्यायचे आणि मग परत फिरवायचे, ही तऱ्हा होती. सगळे मुकाट्याने मद्रासला परतले. दहा वर्षांपूर्वी टिळकांना मंडालेला धाडणाऱ्या सरकारला निदान खटला उभा करावा लागला होता, ज्यूरी बसवावी लागली होती, न्यायमूर्ती दावर यांना शिक्षा वाचून दाखवावी लागली होती. कोलंबोला यातले काहीच लागले नाही. लंडनला एक निर्णय झाला आणि काम भागले. माझ्या मते आपल्याकडच्या परदेशबंदीच्या इतिहासातला खरा धडा इथेच आहे. तुरुंगाला निदान भिंत बांधावी लागते, तिला दगड लागतात, पहारेकरी लागतात, आणि आत टाकलेल्या माणसाबद्दल लोकांना कळवळा वाटतो. पासपोर्टच्या भिंतीला खर्च नाही, ती दिसत नाही, आणि तिच्यावर डोके आपटणाऱ्याबद्दल कुणी हरताळ पाळत नाही.

त्याच वर्षी टिळकांना पुढे परवानगी मिळाली, पण कशासाठी? चिरोलसाहेबावरचा बदनामीचा दावा लंडनच्या कोर्टात चालवण्यासाठी. आणि अट अशी, की राजकीय चळवळीत पडायचे नाही. म्हणजे ज्या माणसाचा सारा जन्म राजकारणात गेला, त्याने विलायतेला जावे, पण गप्प बसावे. ही अट पुढे उठली. दावा मात्र १९१९ च्या फेब्रुवारीत ते हरले. दिल्लीच्या काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी प्रतिनिधी म्हणून टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली होती. टिळक तेव्हा लंडनमध्येच होते. पॅरिस तिथून हाकेच्या अंतरावर. पण पासपोर्ट मिळाला नाही. शेवटी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना त्यांनी पत्र पाठवले. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या माँटेग्यूसाहेबांच्या आणि बिकानेरच्या महाराजांच्या. लोकांनी निवडलेल्याला खाडी ओलांडता आली नाही, आणि सरकारने निवडलेला तहावर सही करून आला.

आणि ही बंदी दुहेरी होती. जाणाऱ्याला जशी, तशी येणाऱ्यालाही. १९२० चा पासपोर्टचा कायदा तर सारा देशात येण्याबद्दलच होता, देशाबाहेर जाण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. तो कायदा एकशेपाच वर्षे टिकला. २०२५ सालच्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. मुंबईत जन्मलेले आणि ब्रिटिश पार्लमेंटात बसलेले शापुरजी सकलातवाला १९२७ साली इकडे दौरा करून गेले, त्यानंतर हिंदुस्थानात यायला त्यांच्या पासपोर्टची दारे बंद झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या नादात अमेरिकेला गेले, मेक्सिकोत शेतीशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले, आणि चाळीस वर्षे घरी येऊ शकले नाहीत. स्वातंत्र्य आल्यावर तरी? नागरिकत्वासाठी अर्ज केला तेव्हा इंग्रजांच्या वेळची बंदी पुन्हा आडवी आली. राज्य बदलले होते, यादी बदललेली नव्हती. ती उठली, आणि अखेर १९६७ च्या जानेवारीत नागपुरात त्यांनी देह ठेवला. स्वराज्यात एवढे तरी झाले, म्हणायचे.

येरवड्याकडे परत वळतो. या गावाला तुरुंग आणि परदेश यांचा जोडधंदा पूर्वापार आहे. सावरकरांना अंदमानातून आणल्यावर शेवटी इथे ठेवले होते. ६ जानेवारी १९२४ रोजी ते याच फाटकातून बाहेर पडले, ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात पडायचे नाही या अटींवर. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. लंडन आणि पॅरिस पाहिलेल्या, मार्सेलिसच्या समुद्रात उडी घेतलेल्या माणसाला जगाचा नकाशा दुमडून एका जिल्ह्याएवढा करून दिला! गांधीजींचे उलट. १९३० च्या मे महिन्यात ते इथे आले, इथूनच आश्रमवासीयांना पत्रे लिहिली आणि पत्त्याच्या जागी 'येरवडा मंदिर' असे घातले. २६ जानेवारी १९३१ ला सुटले. ऑगस्टच्या अखेरीस 'राजपुताना' बोटीने लंडनला गेले, नोव्हेंबरात पंचा नेसून बादशहाच्या राजवाड्यात चहाला जाऊन आले, २८ डिसेंबरला मुंबईच्या धक्क्यावर उतरले, आणि ४ जानेवारी १९३२ ला पुन्हा पकडले जाऊन येरवड्यात. राजवाड्यापासून बराकीपर्यंतचा हा प्रवास दोन महिन्यांचा. ज्या आंब्याखाली त्या सप्टेंबरात गांधी आणि आंबेडकर बोलले, तो आंबा आत अजून दाखवतात. आंबेडकरही तेव्हा गोलमेज परिषदेच्या दोन फेऱ्या करून आलेले. लंडनला जे मिटले नाही, ते मिटवायला दोघांना शेवटी येरवड्याच्या तुरुंगात बसावे लागले.

आगाखान पॅलेस तर याहून नवलाचा. १८९२ सालचा हा वाडा बांधणारे तिसरे आगाखान म्हणजे आज लंडन तर उद्या नीस असे बारमाही प्रवासी. दुसरे महायुद्ध त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये काढले. आणि त्याच वेळी त्यांच्या वाड्याभोवती तारांचे कुंपण घालून सरकारने गांधीजींना आत ठेवले होते. मालकाला सारे जग मोकळे आणि पाहुण्याला बागेबाहेर जाता येत नाही. महादेवभाई तिथे आठवडाभरात गेले, कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत. त्यांच्या समाध्यांपाशी बसले की मोटारींची घरघर ऐकू येते, पण कसे कोण जाणे, शांत वाटते.

स्वातंत्र्यानंतर आपण पासपोर्टचे काय केले, हे मात्र सांगायला हवे, कारण इंग्रजांच्या नावाने बोटे मोडणे फार सोपे आहे. १९६७ पर्यंत आपल्याकडे देशाबाहेर जाण्याविषयीचा कायदाच नव्हता. पासपोर्ट म्हणजे सरकारची मर्जी. दिला तर दिला, काढून घेतला तर काढून घेतला, कारण विचारायचे नाही. आणि बोटवाले, विमानवाले पासपोर्टवाचून पाऊल ठेवू देत नसल्यामुळे मर्जी हाच कायदा. त्यातून परकी चलनाची टंचाई. रिझर्व्ह बँकेच्या 'पी' फॉर्मवाचून तिकीट निघत नसे. कधी तीन पौंड, कधी आठ डॉलर, एवढ्याच पुंजीवर माणसे विलायत-अमेरिकेला उतरत. त्या काळात आम्ही मध्यमवर्गीय परदेश पाहिला तो दिवाळी अंकांतून. १९६० साली पु. लं.ची 'अपूर्वाई' आली तेव्हा निम्म्या महाराष्ट्राने तिच्याच तिकिटावर युरोप केला, आणि त्याला रिझर्व्ह बँकेची हरकत नव्हती!

ही मर्जी मोडली ती मोटारीच्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याने. सतवंतसिंग साहनी यांचे पासपोर्ट सरकारने परत मागितले, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याआधी मुंबई, केरळ आणि म्हैसूरच्या उच्च न्यायालयांनी नागरिकाच्या बाजूने कौल दिला होता, दिल्लीने उलट. १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, ती हकीकत निराळी. सरकारने महिन्याच्या आत वटहुकूम काढला आणि जूनमध्ये पासपोर्टचा कायदा झाला. न्यायालय म्हणाले, कायदा पाहिजे. सरकार म्हणाले, हा घ्या.

त्या कायद्यात एक कलम होते, की 'सार्वजनिक हितासाठी' पासपोर्ट जप्त करता येईल. आणीबाणी उठल्यावर १९७७ च्या जुलैत जनता सरकारने त्याखाली मनेका गांधींचा पासपोर्ट मागितला, आणि कारण विचारले तर कारण सांगणे सार्वजनिक हिताचे नाही, असे उत्तर आले. आता योगायोग बघा. आणीबाणीत येरवडा 'मिसा'च्या बंद्यांनी भरले होते. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस आतच होते. अशा स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही, असे १९७६ च्या एप्रिलमध्ये सांगणाऱ्या न्यायमूर्तींपैकी तिघे, बेग, भगवती आणि आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, मनेकाबाईंच्या खटल्यातही बसले होते. २५ जानेवारी १९७८ च्या त्या निकालाने व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ एकदम रुंद केला. नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीत न्याय्य, वाजवी पाहिजे. येरवड्यात वर्ष-दीड वर्ष काढून आलेल्या माणसाने तो वाचून काय म्हटले असेल? तुरुंगाच्या भिंतीपुढे जे सुचले नाही, ते पासपोर्टच्या भिंतीपुढे सुचले. बाईंचा पासपोर्ट मात्र लगेच मिळाला नाही. सरकार त्यांचे म्हणणे ऐकून घेईल, या सरकारी वकिलांच्या आश्वासनावर काम संपले.

तेव्हापासून कागदोपत्री आपण मोकळे आहोत. पैशाची बंदी तर उठलीच. आठ डॉलरांचा मुलूख आता वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देतो. बँकांची थकबाकी असलेल्यांना विमानतळावर अडवण्यासाठी सरकारी बँकांच्या प्रमुखांना लुकआऊट परिपत्रक काढायला सांगण्याचा अधिकार २०१८ साली दिला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या एप्रिलमध्ये रद्द केला. पण कागदाचे हे सुख सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. १९८३ च्या देशांतर कायद्याखाली दहावी न झालेल्या मजुराला आखातातल्या देशांत जायचे तर निराळी परवानगी. पदवीधराला ती नको. हेतू चांगला आहे, दलालांनी फसवू नये म्हणून. तरी सरकारला ज्याची काळजी वाटते त्याच्याच पायात दोरी पडते, हे पाहून हसू येते.

विमानतळाच्या वाटेवर, तुरुंगाच्या मागच्या अंगाला जी वस्ती पसरली आहे, तिथला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. इलेक्ट्रिशियनचे काम उत्तम करतो. माझ्या घरचे वायरिंग त्यानेच बदलले. सात वर्षांपूर्वी गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली, पोलिसांनी हाताला लागतील त्या सोळा-सतरा पोरांची नावे घातली, त्यात याचे. पंधरा दिवस आत होता. भिंतीच्या ज्या बाजूला घर, तिच्याच दुसऱ्या बाजूला. मग जामीन. खटला उभा आहे, म्हणजे उभाच आहे, चालत नाही. शिक्षा झालेली नाही, निर्दोष सुटलेला नाही. मध्यंतरी दुबईला नोकरी ठरली. पासपोर्टचा अर्ज केला, तर फौजदारी खटला प्रलंबित म्हणून अडला. १९६७ च्या कायद्यात तसे कलमच आहे. मग १९९३ च्या सरकारी अधिसूचनेचा आधार घेऊन वकिलांनी न्यायालयाची परवानगी मिळवली. परवानगीत मुदत लिहिलेली नसली, की पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. याचा तसाच मिळाला. दुबईच्या कंपनीला दोन वर्षांच्या करारासाठी माणूस हवा होता. एक वर्षाचा पासपोर्ट पाहून त्यांनी दुसरा घेतला.

"काका, मला तारीख चुकवून पळायचं असतं तर मी कोर्टात गेलो असतो का?" असे त्याने मला विचारले. मी त्याला टिळकांची कोलंबोची गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "त्यांच्यावर केस नव्हती ना पण."

केस नव्हती, हे खरे. खटला चालू असताना आरोपीने पळून जाऊ नये, ही सरकारची काळजीही मला समजते. कोट्यवधी बुडवून जी मंडळी पळाली, त्यांच्याकडे दहा वर्षांचे कोरे करकरीत पासपोर्ट होते, हे जरा कमी समजते.

२०२१ च्या प्रजासत्ताकदिनी सरकारने येरवड्यात तुरुंग-पर्यटन सुरू केले. शाळेच्या मुलांना पाच रुपये, कॉलेजच्या मुलांना दहा, इतरांना पन्नास. त्या पोराला मी म्हटले, चल, गांधींची खोली आणि तो आंबा तरी पाहून येऊ. तर म्हणे, "नको काका, मी आतून पाहिलंय." वकिलांनी पुन्हा अर्ज केला आहे, या खेपेस मुदत स्पष्ट लिहून मागितली आहे. पुढची तारीख दिवाळीच्या सुटीनंतरची लागली आहे.